हाताच्या कंपावरून ओळख पटवायची तर

हात कितीही स्थिर धरला तरी तो थरथरतच असतो, फक्त डोळ्यांना दिसत नाही. निरोगी माणसाच्या हातातला हा कंप मुख्यतः ८ ते १२ हर्ट्झच्या (म्हणजे सेकंदाला ८ ते १२ हेलकाव्यांच्या) पट्ट्यात सापडतो आणि त्याला एकच एक कारण नसतं. मज्जारज्जूकडून स्नायूंना येणारे इशारे थोडेफार एका तालात येतात. ताणला गेलेला स्नायू प्रतिक्षिप्त क्रियेने परत ओढतो. हाताचं वजन आणि सांध्याचा ताठरपणा मिळून हाताची स्वतःची अशी एक नैसर्गिक वारंवारिता ठरते. शिवाय हृदयाचा प्रत्येक ठोका हाताला बारीकसा धक्का देतो तो वेगळाच. हे सगळं प्रत्येकाच्या हातात वेगवेगळ्या प्रमाणात मिसळलेलं असतं. ओळख पटवायची ती या मिश्रणावरून. कंप किती मोठा आहे याला इथे फारसं महत्त्व नाही.

कामाला लागण्यापूर्वी एक हिशेब करून घ्या. समजा, तुमच्या मॉडेलचा (ओळख ठरवणाऱ्या प्रोग्रामचा) खोट्या स्वीकाराचा दर, म्हणजे परक्याला मालक समजण्याचं प्रमाण, ५ टक्के आहे. ‘फोन हातात धरलेला माणूस मालकच आहे ना?’ एवढाच प्रश्न असेल आणि जोडीला पासवर्ड असेल, तर हा दर खपून जातो. पण ५० जणांच्या यादीतून ‘हा कोण?’ असं विचारलं की उरलेल्या ४९ जणांपैकी निदान एकाशी तरी खोटी जुळणी होण्याची शक्यता सुमारे ९२ टक्क्यांवर जाते. फोन धरण्या-हाताळण्याच्या हालचालींवरून ओळख पटवणाऱ्या, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एचएमओजी या संशोधनात १०० जणांच्या फोन वापरण्याच्या नोंदी होत्या. हाताची हालचाल, स्क्रीनवरचे टॅप आणि टायपिंग असं तिन्ही एकत्र करूनही समान चूक दर (खोटे स्वीकार आणि खोटे नकार सारखे होतात तिथला चुकीचा दर) चालताना ७.१६ टक्के आणि बसलेलं असताना १०.०५ टक्के आला. तेव्हा नुसत्या कंपावर दार उघडणारी यंत्रणा बांधायच्या फंदात पडू नका. दुसरा घटक म्हणून किंवा वापर चालू असताना मागे चालणारी पडताळणी म्हणून तो चांगला आहे.

सेन्सर: त्वरणमापक की जायरो?

त्वरणमापक वेगातला बदल मोजतो, जायरो वळण्याचा वेग. बहुतेक जण त्वरणमापकापासून सुरुवात करतात, आणि स्वस्त चिपवर नेमकं तेच चुकतं. आकडे मांडून पाहा. १० हर्ट्झचा कंप आणि हाताच्या पाठीवर ०.०२ मिलिमीटर आयाम धरला, तर त्वरणाचं शिखर सुमारे ८ मिली-जी (गुरुत्वाकर्षणाच्या त्वरणाचे हजारावे भाग) येतं, म्हणजे आरएमएस (वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ) ५.७ मिली-जी. एमपीयू-६०५० या सगळीकडे वापरल्या जाणाऱ्या चिपच्या त्वरणमापकाचा गोंगाट (त्याचे स्वतःचे विस्कळीत चढउतार) दर वर्गमूळ हर्ट्झला सुमारे ४०० मायक्रो-जी असतो. ३ ते ३० हर्ट्झच्या पट्ट्यात तो २.१ मिली-जी भरतो. सिग्नल गोंगाटाच्या तिपटीलाही पोचत नाही. ज्याचा हात मुळातच शांत आहे त्याचा कंप यात बुडून जाईल.

आता त्याच चिपचा जायरो घ्या. मनगटापासून १० सेंटिमीटरवर ०.०२ मिलिमीटर हालचाल म्हणजे १० हर्ट्झला शिखरापाशी सुमारे ०.७ अंश प्रति सेकंद, म्हणजे आरएमएस ०.५, इतका कोनीय वेग. जायरोचा गोंगाट त्याच पट्ट्यात ०.०२६ अंश प्रति सेकंदाच्या आसपास. इथे सिग्नल गोंगाटाच्या जवळपास वीसपट आहे. जायरोचा आणखी एक फायदा आहे. न वाकणाऱ्या वस्तूवर कुठेही बसवला तरी कोनीय वेग तोच येतो, त्यामुळे उद्या सेन्सर सेंटिमीटरभर इकडे-तिकडे चिकटला तरी आकडे फारसे बदलत नाहीत. त्वरणाचं तसं नाही. सांध्यापासूनचं अंतर बदललं की ते बदलतं. त्वरणच मोजायचं असेल तर एडीएक्सएल३५५ सारखी कमी गोंगाटाची चिप घ्या. तिचा गोंगाट दर वर्गमूळ हर्ट्झला २५ मायक्रो-जीच्या घरात आहे.

एमपीयू-६०५० साठी मांडणी अशी ठेवा: जायरो ±२५० अंश प्रति सेकंद, त्वरण ±२ जी, डिजिटल फिल्टरची किंमत ३ (म्हणजे सुमारे ४४ हर्ट्झ), सॅम्पल रेट डिव्हायडर ४. यातून सेकंदाला २०० नमुने मिळतात. क्लॉक मात्र चिपच्या मूळ ऑसिलेटरवर सोडू नका, त्यात ५ टक्क्यांपर्यंत फरक असू शकतो. स्पेक्ट्रममधलं (कोणत्या वारंवारितेला किती शक्ती, त्या आलेखातलं) १० हर्ट्झचं शिखर एका बोर्डावर ९.५ ला आणि दुसऱ्यावर १०.५ ला दिसलं, तर तुम्ही माणसं नाही, बोर्ड ओळखताय. पॉवर मॅनेजमेंटच्या पहिल्या रजिस्टरमध्ये १ लिहिलं की क्लॉक जायरोच्या पीएलएलवर (जायरोच्या तालाला बांधलेल्या घड्याळावर) जातं आणि फरक १ टक्क्यावर येतो. तोही काढायचा असेल तर दहा मिनिटांची नोंद घेऊन संगणकाच्या घड्याळाशी नमुने मोजा आणि प्रत्येक बोर्डाचा खरा दर लिहून ठेवा.

दर नमुन्याला सहा अक्ष म्हणजे १२ बाइट, आणि चिपचा फिफो (नमुने तात्पुरते साठवणारी रांग) १०२४ बाइटचा. २०० हर्ट्झला तो ०.४२ सेकंदात भरतो. दर १०० मिलिसेकंदांनी रिकामा करत राहा. ब्लूटूथने पाठवत असाल तर पाकीट पोचल्याच्या वेळेला नमुन्याची वेळ समजू नका. नमुन्याचा अनुक्रमांक सोबत पाठवा आणि वेळ त्यावरून काढा, नाहीतर पाकिटांची अनियमितता स्पेक्ट्रममध्ये खोटी शिखरं उभी करते.

फोनचाच सेन्सर वापरायचा तर अँड्रॉइड १२ पासून विशेष परवानगीशिवाय २०० हर्ट्झच्या वर जाता येत नाही, पण आपल्याला तेवढे पुरतात. ब्राउझरमधून मात्र बरेचदा ६० हर्ट्झच मिळतात आणि ३० हर्ट्झच्या सीमेवर आपला पट्टा संपतो. तो मार्ग सोडलेला बरा.

फोन हातात असण्याचा परिणामही जमेस धरावा लागतो. ७० किलोच्या माणसाचा एक हात, मनगटापुढचा, जेमतेम ४०० ते ४५० ग्रॅमचा असतो. २०० ग्रॅमचा फोन त्यात जवळजवळ निम्मी भर घालतो. जडत्व दीडपट झालं तर यांत्रिक शिखर (हाताच्या वजनाने आणि ताठरपणाने ठरणारं) ९ हर्ट्झवरून ७.३ च्या आसपास खाली येतं. म्हणजे कोणी फोनला जाड कव्हर घातलं की त्याची ‘सही’ सरकली. फोनचं मॉडेल आणि कव्हर नोंदीत लिहून ठेवा.

चिकटवणं

सुटा सेन्सर वापरत असाल तर जागा हाताच्या पाठीवर, मधल्या बोटाच्या रेषेत, मनगट आणि बोटाच्या मुळाच्या मध्ये. तिथे कातडीखाली लगेच हाड लागतं. बोर्ड ५ ग्रॅमच्या आत ठेवा. खाली त्वचेसाठीची दुहेरी चिकटपट्टी, वर कागदी टेप आडवी. वायर असेल तर कोपराच्या दिशेला १० ते १५ सेंटिमीटरवर टेपने दाबा आणि मधला भाग सैल ठेवा. ताणलेली वायर हाताला स्प्रिंगसारखी धरते.

चिकटवून झाल्यावर बोर्डावर बोटाने हलकी टिचकी मारा आणि आलेख पाहा. एक-दोन हेलकाव्यांत रेषा शांत व्हायला हवी. ती ३० हर्ट्झच्या खालच्या वारंवारितेने झुलत राहिली, तर तुम्ही त्वचेची थलथल मोजणार आहात. टेप काढून पुन्हा लावा. घड्याळाचा सैल पट्टा या चाचणीत हमखास नापास होतो.

नोंद कशी घ्यायची

१. हात नसताना सेन्सर त्याच टेबलावर ठेवून ६० सेकंदांची नोंद घ्या. ३ ते ३० हर्ट्झमध्ये एकही शिखर दिसता कामा नये. दिसलं तर ते पंख्याचं, मोटारीचं किंवा जमिनीचं असतं. कमी दराने नमुने घेणाऱ्यांची इथे दुहेरी फसगत होते: फिल्टरशिवाय ५० हर्ट्झने मोजलं तर ४२ हर्ट्झचं यंत्राचं कंपन दुमडून बरोबर ८ हर्ट्झवर येऊन बसतं आणि अगदी हाताच्या कंपासारखं दिसतं.

२. माणसाला ५ मिनिटं बसू द्या. कोपरापासून मनगटापर्यंत हात टेकलेला, मनगटापुढचा भाग कडेबाहेर, तळवा खाली, बोटं सरळ पण ताठ नाहीत. टेकू न दिल्यास कोपराचा ३ ते ५ हर्ट्झचा डोल सगळ्यावर मात करतो. मनगटाचा नैसर्गिक कंप साधारण ७ ते १० हर्ट्झला, तर बोटांच्या मुळाचा १७ ते ३० ला असतो. टेकवण्याची जागा बदलली की स्पेक्ट्रम बदलतो तो यामुळे.

३. नजर समोरच्या ठिपक्यावर. हाताकडे बघू लागलं की माणूस तो सारखा सावरत राहतो.

४. ३० सेकंद नोंद. पहिले ३ आणि शेवटचे २ सेकंद टाकून द्या. याहून लांब नोंद नको, स्नायू थकला की कंप वाढतो.

५. ६० सेकंद विश्रांती देऊन असं चार वेळा. मग हाताच्या पाठीवर २०० ते ३०० ग्रॅमचं वजन बांधून आणखी एकदा.

६. हे सगळं निदान पाच वेगवेगळ्या दिवशी, सकाळ-संध्याकाळ मिसळून. डावा आणि उजवा हात वेगळे धरा, दोघांचं टेम्प्लेटही (जुळणीसाठी साठवलेला नमुना) वेगळं.

वजनाची नोंद गाळू नका. वजन बांधल्यावर यांत्रिक शिखर खाली सरकतं. मज्जासंस्थेकडून येणारं ८ ते १२ हर्ट्झमधलं शिखर जागचं हलत नाही. रिकाम्या हाताला दोन्ही एकमेकांत मिसळलेली असतात, वजनाने ती सुटी होतात. हा सरकण्याचा आकडाच एक उत्तम वैशिष्ट्य ठरतो.

प्रत्येक नोंदीबरोबर झोप, चहा-कॉफी, व्यायाम, थंडी, उपाशीपोट आणि औषधं लिहा. दम्याच्या पंपातलं साल्ब्युटामॉल कंप वाढवतं, प्रोप्रॅनोलॉल कमी करतं. ही माहिती नसेल तर एखाद्याचा जुळणीचा गुण एका दिवशी अचानक का पडला याचा शोध घेण्यात आठवडा जातो.

सिग्नलवरची प्रक्रिया

सरासरी वजा करा, ३ ते ३० हर्ट्झचा चौथ्या श्रेणीचा बटरवर्थ बँडपास (फक्त तेवढा पट्टा ठेवणारा फिल्टर) पुढून-मागून दोन्ही दिशांनी चालवा आणि मगच नोंदीची टोकं कापा. आधी कापली तर फिल्टरच्या सुरुवातीचा धक्का विदेत (डेटात) शिरतो. ३ हर्ट्झच्या खालचं ठेवण्यात अर्थ नाही. हात एका अंशाने कलला तरी गुरुत्वाकर्षणामुळे त्वरणात १७ मिली-जीचा फरक पडतो, म्हणजे आपल्या कंपाच्या दुप्पट.

मग नोंदीच्या ४ सेकंदांच्या खिडक्या (तुकडे), निम्म्या एकमेकींवर, हान वेटिंग (तुकड्याची टोकं हळूहळू शून्यावर नेणारं) लावून. २५ सेकंदांत अशा ११ खिडक्या बसतात आणि वारंवारितेचा बारकावा ०.२५ हर्ट्झ मिळतो. बोलणं, खोकला, आवंढा यांनी बिघडलेली खिडकी ओळखायला साधा नियम पुरतो: जिचं शिखर त्या नोंदीतल्या खिडक्यांच्या मध्यकाच्या पाचपटीहून जास्त, ती बाद.

वैशिष्ट्यं कोणती घ्यायची यावर माणसं फार वेळ घालवतात. आमच्या मते एवढी बास: प्रत्येक जायरो अक्षावर २ हर्ट्झच्या पट्ट्यांमधली शक्ती, पण एकूण शक्तीने भागून आणि मग लॉगॅरिदम घेऊन, सर्वात मोठ्या शिखराची जागा, ते शिखर निम्म्या उंचीवर किती रुंद आहे, स्पेक्ट्रमची एन्ट्रॉपी (शक्ती किती विखुरली आहे), तीन अक्षांमधलं शक्तीचं वाटप, अक्षांच्या जोड्यांमधला कोहिरन्स (त्या किती एका तालात हलतात), आणि वजनाने शिखर किती सरकलं. एकूण आयाम बाहेर ठेवा किंवा त्याला नगण्य वजन द्या. तो कॉफीने, घाईने, जिना चढून आल्याने कितीही बदलतो. शिखराची जागा आणि आकार त्या मानाने स्थिर राहतात.

सेन्सर रोज थोडा वाकडा चिकटतो, त्यामुळे अक्ष एकमेकांत मिसळतात. स्थिर त्वरणावरून गुरुत्वाकर्षणाची दिशा काढून अक्ष सरळ करून घ्या. उभ्या अक्षाभोवतीचं वळण त्यातूनही उरतं. त्यासाठी तिन्ही अक्षांच्या सहविचरण मॅट्रिक्सच्या (अक्ष एकमेकांबरोबर किती बदलतात त्या तक्त्याच्या) आयगेन-किमती वापरा, कारण दिशा बदलली तरी त्या बदलत नाहीत.

मॉडेलचं फार नाही. वीस-तीस माणसं आणि पाच-पाच सत्रं एवढी विदा असेल तर खोल न्यूरल नेटवर्क ती पाठ करून टाकेल. श्रिंकेज लावलेलं (थोड्या विदेवर आकडे आवरते ठेवणारं) एलडीए, म्हणजे माणसं वेगळी करणारी साधी रेषीय पद्धत, आणि त्यावर कोसाइन अंतर (दोन नोंदींमधल्या कोनावरून काढलेलं) इथून सुरुवात करा. मॉडेल शिकवायला पार्श्वभूमी म्हणून वापरलेली माणसं आणि चाचणीतली माणसं वेगळी ठेवा. निर्णय एका खिडकीवर घेऊ नका, बिनबाधित सगळ्या खिडक्यांच्या गुणांची सरासरी घ्या.

९८ टक्के आले तर आधी संशय घ्या

या विषयातले बहुतेक चमकदार आकडे गळतीतून येतात. सर्वात नेहमीची गळती: एकाच नोंदीच्या खिडक्या शिकवण्यात आणि चाचणीत वाटल्या जातात. शेजारच्या दोन खिडक्या निम्म्या एकमेकींवर असतात, म्हणजे निम्मी विदा तीच. वाटणी खिडक्यांवर करायची नाही, दिवसांवर करायची: तीन दिवस शिकवायला, एक उंबरठा (किती गुणांना जुळणी मानायची ते) ठरवायला, एक शेवटच्या चाचणीला. सरासरी आणि प्रमाण विचलनही फक्त शिकवण्याच्या दिवसांवरून काढा.

दुसरी गळती जास्त लबाड आहे. प्रत्येक त्वरणमापकाच्या बनावटीत बारीक दोष असतात आणि तेवढ्यावरून फोन ओळखता येतो, हे २०१४ सालीच दाखवून झालं आहे. प्रत्येकाने आपापल्या फोनवर नोंद दिली असेल, तर तुमचं मॉडेल हात ओळखतंय की फोन, हे आकड्यावरून कळणार नाही. बोर्ड माणसांमध्ये फिरवा. प्रत्येकाची किमान दोन सत्रं वेगळ्या बोर्डावर हवीत.

यावर दोन खुंट्या ठोकून घ्या. पहिली: प्रत्येक बोर्ड हाताऐवजी वाळूच्या पिशवीवर चिकटवून तीच सगळी प्रक्रिया चालवा. पिशव्या ‘ओळखल्या’ गेल्या तर मॉडेल सेन्सर वाचतंय. दुसरी: ३ ते ३० ऐवजी ६० ते ९० हर्ट्झचा पट्टा देऊन पाहा. तिथे सांगण्यासारखा कंप नसतो, त्यामुळे निकाल नाणेफेकीच्या पातळीवर यायला हवा. तिथेही ओळख पटत असेल तर विदा टाकून पुन्हा गोळा करण्याशिवाय गत्यंतर नाही.

आकडा सांगतानाही जपून. एकही खोटा स्वीकार न होता ३०० स्वतंत्र चाचण्या झाल्या, तरच ‘दर १ टक्क्याच्या आत’ असं ९५ टक्के खात्रीने म्हणता येतं. २० माणसांच्या जोड्या ३८० होतात खऱ्या, पण त्या स्वतंत्र नाहीत. तीच वीस माणसं फिरून फिरून येतात. चाचणी कशी मांडायची आणि निकाल कसा द्यायचा याचे नियम आयएसओ १९७९५ मध्ये आहेत, ते पाळले की वाद कमी होतात. सरासरीबरोबर माणसागणिक आकडेही द्या. दर गटात दोन-तीन हात असे निघतात की ज्यांच्याशी सगळ्यांचीच जुळणी होते. सरासरीत ते लपतात.

नक्कल, साठवण आणि बदलता हात

कोणी जाणूनबुजून दुसऱ्यासारखं थरथरू शकत नाही, म्हणून ही ओळख सुरक्षित, असा युक्तिवाद ऐकायला मिळतो. पण हल्लेखोराला थरथरायची गरजच नसते. जुनी नोंद पुन्हा वाजवली की झालं. एमईएमएस (चिपवर कोरलेल्या सूक्ष्म) त्वरणमापकाच्या अनुनादी वारंवारितेचा ध्वनी सोडून त्याचं आउटपुट हवं तसं वळवता येतं, हेही २०१७ साली दाखवलं गेलं आहे. बचाव दोन. तळवा वर की खाली, वजन की रिकामा हात, ५ सेकंद की ८, हे दर वेळी यंत्रणेने यादृच्छिक ठरवून मागावं. आणि आलेला सिग्नल जुन्या नोंदींशी वेळेच्या अंगाने ताडून पाहावा. खऱ्या हाताचा स्पेक्ट्रम जुळतो, पण लाट कधीच तंतोतंत जुळत नाही. सहसंबंध ०.९ च्या वर गेला तर ती जुळणी नाही, पुनर्वापर आहे.

कच्च्या नोंदी आरोग्याच्या कागदपत्रांइतक्याच जपा. हात विसावलेला असताना दिसणारा ४ ते ६ हर्ट्झचा कंप पार्किन्सनच्या आजाराकडे बोट दाखवू शकतो, आणि नोंद देणाऱ्याला ते स्वतःलाही माहीत नसतं. कशासाठी नोंद घेताय ते लेखी सांगून संमती घ्या, वैशिष्ट्यं काढून झाली की मूळ सिग्नल पुसा. टेम्प्लेटवर प्रत्येकाच्या वेगळ्या गुप्त किल्लीने यादृच्छिक प्रक्षेपण (आकडे ठरावीक पण अंदाज न येणाऱ्या रीतीने मिसळणं) लावून मगच साठवा. ते चोरीला गेलं तर किल्ली बदलून नवं बनवता येतं. हात बदलता येत नाही. आयएसओ २४७४५ याच विषयावर आहे.

टेम्प्लेट जुनंही होतं. नवीन औषध, मनगटाची दुखापत, वाढतं वय, कशानेही शिखर हलतं. दुसऱ्या घटकाने ओळख पक्की झालेल्या नोंदींतूनच ते अद्ययावत करा, नव्या नोंदीला १० टक्के आणि जुन्याला ९० टक्के वजन देऊन. फक्त कंपाच्या जुळणीवर अद्ययावत करत गेलात, तर उंबरठ्याजवळचा परका माणूस हळूहळू टेम्प्लेट आपल्याकडे ओढून नेतो. ज्यांना कंपाचा आजार आहे त्यांच्यासाठी दुसरा रस्ता पहिल्या दिवसापासून ठेवा. गोळी घेण्याआधी आणि नंतर त्यांच्या हाताचे दोन वेगळे स्पेक्ट्रम येतात, आणि उंबरठा कितीही हलवला तरी दोन्ही एका टेम्प्लेटमध्ये बसत नाहीत.